टेबलावरचा सहावा फोटो

१

टेबलावर पाच फोटो यायला हवे होते. गुरुपादय्या सरांनी टोपलीतली पाकिटं एकेक करून फोडली, फोटो ओळीनं मांडले, आणि शेवटचा ठेवला तेव्हा ते सहा भरले. सरांनी बोट लावून पुन्हा मोजले. सहाच.

"कुणी दोन आणलेत का?" त्यांनी विचारलं.

सगळे टेबलावर वाकले.

हुलसूरच्या हौशी फोटोवाल्यांची ही 'उजेड मंडळी'. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सरांच्या ओसरीत जमायचं, आपल्याला मनापासून आवडलेला एकच फोटो कागदावर काढून आणायचा आणि बंद पाकिटात घालून दाराजवळच्या टोपलीत टाकायचा. पाकिटावर नाव घालायचं नाही. फोटो मांडले की सगळ्यांनी ते आधी बघायचे, आणि मग ज्याचा त्यानं सांगायचं, हा मला का आवडतो. ही रीत हरिओमनं घालून दिली होती. नाव आधी कळलं की लोक फोटो बघत नाहीत, नाव बघतात, असं तो म्हणायचा.

हरिओम जानेवारीत गेला. कोहिनूर गावाच्या वाटेवर तांबड्या दगडाची एक जुनी, पाण्यानं भरलेली खदान आहे, तिथं बुडून. वय अडतीस. गावात बी-बियाणांचं दुकान, घरी आई आणि बायको. पाचजणांतले चारच उरले. दोन महिने कुणाला जमण्याचं बळ आलं नाही. एप्रिलमध्ये सरांनीच सगळ्यांना निरोप दिला की या वेळी प्रत्येकानं हरिओमचाच एक फोटो आणावा. त्याच्या बायकोलाही, अंबिकालाही, बोलावलं होतं.

पंचशीलाबाईंनी आणलेल्या फोटोत हरिओम तुरीच्या शेतात पालथा पडून एका किड्याचा फोटो काढत होता. सरांच्या फोटोत तो दुकानात बियाणाच्या पोत्यावर बसला होता. मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या मंजुनाथनं त्याचा गाडीवरचा फोटो आणला होता. नरसिंग वाचनालयात कामाला. त्याच्या फोटोत हरिओम बशीतून चहा पीत होता. अंबिकानं लग्नातला आणला होता.

सहाव्यात हरिओम हसत होता. मागं नुसतं निळं आभाळ. उन्हाला आड म्हणून एक हात कपाळावर धरलेला, दुसऱ्या हातात गळ्यातल्या कॅमेऱ्याचा पट्टा. अंगात तोच जुना हिरवा सदरा, जो तो फोटो काढायला जाताना दरवेळी घालायचा. कपाळावरच्या हाताच्या अंगठ्याला पांढरी पट्टी बांधलेली होती. फोटो एका बाजूनं कापलेला होता, आणि त्या कडेला कुणाच्या तरी खांद्याची बोटभर पट्टी राहून गेली होती.

अंबिका तो फोटो बघून उभीच राहिली. "ही पट्टी…" ती म्हणाली. मग फोटो डोळ्यांजवळ नेऊन तिनं मान हलवली. "न्हाई. मी त्या दिवशी सकाळी बांधलेली डाव्या हाताला व्हती. ही उजव्याला हाय."

"दोन वर्षांमागचा असंल," मंजुनाथ म्हणाला. "दुकानाच्या पत्र्यानं उजवा हात कापला व्हता न्हवं त्याचा? आपण समद्यांनी बघितलंय."

नरसिंगनं आपला काळ्या फ्रेमचा चष्मा नाकावर सरकवला आणि खाली बघितलं. अंबिकानं फोटो टेबलावर ठेवला, पण तिचं बोट त्यावरून हलेना.

"ह्यो कुणाचा हाय तेवढं सांगा," ती म्हणाली. "मला एक पाहिजे."

चारीजण एकमेकांकडं बघत राहिले. फोटो आपला आहे असं कुणीच म्हणालं नाही.

२

पंचशीलाबाई तो फोटो घरी घेऊन आल्या. सरांनीच दिला. "बाई, तुमची नजर बारीक आहे, तुम्ही बघा," एवढंच ते म्हणाले.

बाईंनी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढले होते. निवृत्त होऊन घरी बसल्यावर दिवस जाता जाईना. तेव्हा एकदा फवारणीचं औषध घ्यायला त्या हरिओमच्या दुकानात गेल्या होत्या. तो म्हणाला होता, "ताई, जन्मभर मानसांच्या आतले फोटो काढलाव. आता जरा भायेरचे काढा." त्यानंच त्यांच्यासाठी जुना कॅमेरा शोधून आणला, तो कसा धरायचा ते शिकवलं. बाईंना मूलबाळ नव्हतं. हरिओम गेल्यावर त्या घरात कॅमेऱ्याला हात लावत नव्हत्या, त्याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याच्या मरणाचं जे झालं होतं ते वाईट होतं. शुक्रवारी सकाळी तो घरून निघाला आणि शनिवारी सकाळी मेंढरामागच्या एका माणसाला पाण्यात दिसला. खदानीच्या काठावर त्याच्या चपला शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या, त्यांच्याजवळ बॅग, बॅगेवर कॅमेरा. मोबाइल त्याच्या खिशात होता, पाण्यानं बंद पडलेला. पोलिसांनी बुडून मृत्यू असं लिहून कागद मिटवला. पण त्या चपलांचा आणि बॅगेचा फोटो दुपारपर्यंत तालुकाभर फिरला, आणि लोकांनी आपापसांत ठरवून टाकलं की हरिओमनं जीव दिला. शुक्रवारी सकाळी नवरा-बायकोचं भांडण शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. त्यामुळं पुढचं ठरवायलाही वेळ लागला नाही.

बाईंना त्या दुपारचं स्मशान आठवलं. नरसिंग उघड्या डोळ्यांनी ठेचकाळत चालत होता. चार पावलांवर उभ्या असलेल्या बाईंना त्यानं "कोण?" म्हणून विचारलं होतं. रडून रडून डोळे सुजले असतील, असं तेव्हा वाटलं.

सोमवारी सकाळी त्यांनी फोटो खिडकीत उजेडाला धरला. हात आपोआप तसा वर गेला, जशी फिल्म धरायचा. फिल्म हातात आली की बाई हाड नंतर बघत. आधी कोपऱ्यातलं शिशाचं अक्षर बघत, डावं की उजवं. फिल्म उलटी लागली तर चांगला पाय मोडका दिसतो आणि मोडका चांगला. एकदा एका म्हाताऱ्याच्या धडधाकट पायाला प्लॅस्टर बसता बसता राहिलं होतं, तेव्हापासून त्यांनी ही सवय सोडली नव्हती.

या फोटोत अक्षर कुठं होतं?

त्यांनी चेहरा सोडला आणि सदरा बघितला. पुरुषाच्या सदऱ्याला खिसा डाव्या छातीवर असतो. हरिओमच्या त्या हिरव्या सदऱ्याचाही डावीकडंच होता, त्यात तो पेन खोचायचा. काल टेबलावरच्या मंजुनाथच्या फोटोतही तो डावीकडंच दिसत होता. या एका फोटोत खिसा उजव्या छातीवर होता.

बाई उठल्या आणि कपाटाच्या आरशासमोर फोटो धरला. आरशात हरिओम सुलटा झाला. खिसा डावीकडं आला, आणि पट्टीही डाव्या अंगठ्यावर आली.

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. पट्टी त्या शुक्रवारी सकाळी बांधलेली, आणि शनिवारी तो पाण्यात मिळाला. म्हणजे हा फोटो त्या मधल्या वेळातला. आणि हरिओमचे दोन्ही हात तर फोटोत दिसत होते, एक कपाळावर, एक पट्ट्यावर.

मग हा फोटो काढला कुणी?

३

अंबिका अंगणात तूर पाखडत होती. सोप्यात सासू, कलाबाई, भिंतीकडं तोंड करून बसली होती. बाईंनी तिला हाक दिली, तिनं नुसती मान हलवली.

"माझ्यासंगं बोलत न्हाईत त्या," अंबिका हळू आवाजात म्हणाली. "तिसऱ्या दिवशी एकदाच बोलल्या. तुझ्या तोंडानं माझं लेकरू गेलं, म्हनल्या. तवापासून न्हाई. मी वाढलेलं ताट तसंच ऱ्हातंय. शेजारच्या येऊन जेवू घालतात."

"त्या दिवशी काय झालतं, मला पयल्यापासून सांग."

अंबिकानं सूप खाली ठेवलं. "भांडण झालतं, अक्का, ते खरं हाय. मी म्हनले, दुकान सोडून पाखरामागं हिंडायलाव, आता त्या कॅमेऱ्यासंगटच संसार करा. ते म्हनले, बरं, माझं पोहे मीच करून घेतो. कांदा कापायला बसले आन् इळीवर अंगठा गेला. रगत थांबंना. मी पट्टी बांधली. बांधताना एक शब्द बोलले न्हाई मी. ते दोनदा माझ्याकडं बघितले. मी मान वर केली न्हाई." ती थांबली. "मग पोहे न खाताच गेले."

बाई तिच्याजवळ सरकून बसल्या. मग विचारलं, "डावा अंगठा त्याच्या आधी कधी कापला व्हता?"

"कवाच न्हाई."

"दवाखान्यातून त्याचे कपडे तुझ्याकडंच दिले ना?"

"व्हय. सदरा आन् पँट." अंबिकाला काहीतरी आठवलं. "पँट दोन्ही पायांची गुडघ्यापत्तर दुमडलेली व्हती. नीट घडी घालून. ते मी हवालदाराला बी सांगितले. तो म्हनला, मानूस काय बी करतंय."

"अंबिका, जीव द्यायला निघालेला माणूस पँट भिजू नये म्हणून दुमडतो का?"

अंबिका त्यांच्याकडं बघतच राहिली.

"तो काठाशी उतरला होता," बाई म्हणाल्या. "चपला घसरतील म्हणून काढल्या, कॅमेरा भिजंल म्हणून वर ठेवला, पँट दुमडली. त्याला परत वर यायचं होतं. काहीतरी घ्यायला उतरला होता तो." त्यांनी पिशवीतून फोटो काढला, आपल्या छोट्या आरशासमोर धरला आणि अंबिकाला दाखवला. "आणि तो एकटा नव्हता."

अंबिकानं आरशातली पट्टी ओळखली. तिची गाठ तिला ओळखता आली. पदराचं टोक तोंडात धरून ती आवाज न करता रडली, कारण आत सासू होती.

मग डोळे पुसून म्हणाली, "अक्का, मला कुणाला शिक्षा द्यायची न्हाई. एवढंच कळू द्या, ते रागात गेले का. तेवढ्यासाठी मी तीन महिने झोपले न्हाई."

४

बाईंनी मनाशी हिशेब मांडला. फोटो टोपलीत टाकणारा चौघांपैकीच. त्या स्वतः सोडल्या तर उरले तिघे. गुरुपादय्या सरांचे गुडघे गेलेले, ओसरीची पायरी उतरायलाही त्यांना काठी लागते. शिवाय त्यांच्याकडं जुना बटणांचा फोन, त्यात कॅमेराच नाही. राहिले मंजुनाथ आणि नरसिंग.

मंजुनाथचं आणि हरिओमचं डिसेंबरात बिनसलं होतं. मंजुनाथनं घुबडाच्या पिल्लांचा फोटो आणला होता, आणि फोटोसाठी त्यानं ढोलीपुढच्या फांद्या तोडल्या हे हरिओमला कळलं. सगळ्यांसमोर तो मंजुनाथला लागेल असं बोलला होता. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. आणि काल फोटो दोन वर्षांमागचा, हे सांगायची घाई मंजुनाथनंच केली होती.

बसस्टँडजवळच्या त्याच्या दुकानात बाई गेल्या, तेव्हा तो एका फोनची काच बसवत होता.

"तो शुक्रवार," बाईंनी सरळ विचारलं, "तू कुठं होतास?"

मंजुनाथच्या हातातला चिमटा थांबला. "कामून इचारायलाव?"

"हरिओमबरोबर त्या दिवशी कुणीतरी होतं."

"म्या न्हवतो, ताई." त्याचा चेहरा उतरला. "म्या कलबुर्गीला गेलतो, दुकानाचा माल आनायला." त्यानं फोन उघडून त्या दिवशीचा फोटो दाखवला. कलबुर्गीच्या बाजारात दोन दुकानदारांबरोबर तो उभा होता, खाली तारीख आणि सकाळची वेळ. मग फोन खाली ठेवून तो उगाच चिमटा पुसत राहिला.

"अजून काहीतरी आहे," बाई म्हणाल्या.

"चपला-बॅगेचा फोटो म्या काढलेला हाय." त्यानं मान खाली घातली. "शनिवारी लोकांसंगं म्या बी गेलतो बघायला. चपला, कॅमेरा, मागं तांबडा दगूड, वरून ऊन. माझ्या डोळ्याला ते चांगलं दिसलं, ताई. फोटो म्हनून चांगलं दिसलं. काढलो आन् दुकानदारांच्या ग्रुपात टाकलो. दुपारी म्या त्यो काढून टाकलो, पण तवर समद्या तालुक्यात गेलता. लोक अंबिकाअक्काला बोलायले ते माझ्यापायी. काल तिच्यासमोर बसायची सुदिक लाज वाटायली."

बाईंना त्याचा राग आला, आणि राग फार वेळ टिकला नाही. त्यांनी सहावा फोटो पुढं केला आणि खिसा दाखवला. "फोटो असा उलटा कशानं होतो, तेवढं सांग."

मंजुनाथनं फोटो बघितला, आणि त्याच्यातला दुकानदार जागा झाला. "ह्यो पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेला हाय. आपलाच फोटो आपण काढतो तसा. काही फोन सुलटा करून ठेवतात, काही आरशावानी उलटाच ठेवतात. ज्यानं काढला त्यो बाजूला असनार, म्हनून ती कड कापलीया."

"आपल्यात कुणाचा फोन उलटा ठेवतो, ते कळंल का?"

दोघांनी उजेड मंडळीच्या ग्रुपवरचे जुने फोटो काढले. मंजुनाथचा दुकानापुढचा फोटो सुलटा होता, पाटीवरची अक्षरं वाचता येत होती. पुढं नववर्षाच्या बैठकीचा फोटो आला, जानेवारीचा पहिला रविवार. पाचीजण ओसरीत दाटीनं बसलेले, हरिओम मध्ये, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकलेला नरसिंग, त्याच्या त्या जाड तपकिरी चष्म्यात. तो फोटो कॅमेऱ्यावरचा होता. बाई त्यावर थोडा वेळ थांबल्या.

मग नरसिंगनं वाचनालयाच्या दारात स्वतःच काढलेला एक फोटो निघाला. त्याच्या डोक्यावर पाटी होती. मंजुनाथनं ती मोठी करून बघितली आणि वाचायचा प्रयत्न केला.

पाटीवरचं एकही अक्षर लागेना. सगळी उलटी होती.

५

दुपारी वाचनालयात कुणी नसतं. लांब टेबलावर मराठी आणि कन्नड वर्तमानपत्रं पसरलेली, वर पंखा फिरत होता. नरसिंग पुस्तकांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या डकवत होता. बाई समोरच्या बाकावर बसल्या, तेव्हाच त्याला कळलं असावं. त्यानं डिंकाचं झाकण लावलं आणि हात मांडीवर ठेवले.

"नरसिंग, तुझा तपकिरी चष्मा कुठं आहे रे?"

"मोडला, ताई. दिवाळीला."

"जानेवारीच्या बैठकीत तुझ्या नाकावर होता."

त्याचा हात चष्म्याकडं गेला.

"शनिवारी स्मशानात तुझ्याकडं चष्मा नव्हता. चार पावलांवरून तू मला ओळखलं नाहीस. नंतर हा काळा आला." बाईंचा आवाज चढला नाही. दवाखान्यात घाबरलेल्या माणसाला 'श्वास धरा' म्हणताना त्या बोलायच्या, तशा बोलत होत्या. "फोटो तुझ्या फोनवरचा आहे. हरिओम काठाशी उतरला तो काहीतरी घ्यायला, आणि ते त्याचं स्वतःचं नव्हतं. त्याचं सगळं वर होतं. ज्याचं होतं त्याला स्वतःला उतरता येत नव्हतं, कारण त्याला दिसत नव्हतं. तुझा चष्मा पाण्यात पडला होता का?"

नरसिंगनं चष्मा काढला आणि डोळे तळहातांनी दाबून धरले.

"खदानीच्या भिंतीला खंड्या पाखराचं बीळ हाय म्हनला," तो शेवटी बोलू लागला. "फाट्यावरून म्या त्याच्या गाडीवर बसलो. फोटो काढला दोघांचा. मग बीळ बघायला म्या वाकलो आन् चष्मा खाली. पान्याजवळच्या टप्प्यावर पडला. म्या म्हनलो, जाऊ दे. तो म्हनला, तुला घरापत्तर म्या धरून नेऊ काय? आन् चपला काढल्या त्यानं. दगूड काढनाऱ्यांनी कोरलेल्या पायऱ्या हायत तिथं, त्यावरून उतरला. घावला म्हनला. तेवढं ऐकू आलं. मग पाय घसरल्याचा आवाज, आन् पानी."

"तुला पोहता येत नाही."

"त्याला बी येत न्हवतं. कडे सरळ हायत, धरायला काय न्हाई. म्या पालथा पडलो आन् मफलर सोडला खाली. पण कुठं सोडायलो तेच दिसंना, ताई. समदं तांबडं आन् हिरवं. त्याचा आवाज एकदा हिकडून यायचा, एकदा तिकडून. म्या मफलर हिकडं टाकायचो, तिकडं टाकायचो. म्या वराडलो. फोनला रेंज न्हवती, जवळ कुनी न्हवतं. मग आवाज बंद झाला."

पंख्याच्या वाऱ्यानं वर्तमानपत्राचं पान उलटलं. नरसिंगनं ते हातानं दाबून धरलं.

"रस्त्यावर आलो चाचपडत. मानूस भेटला की सांगायचं ठरवलं व्हतं. टमटम आली. आत बाया व्हत्या, कुनी तरी हसत व्हतं. म्या बसलो. आता सांगतो, आता सांगतो, असं करत हुलसूर आलं. घरी गेलो. आन् मग सांगायचं कसं? तू आधी का न्हाई सांगितलास, असं इचारतील. एक दिस गेला, मग लोक म्हनायले त्यानं जीव दिला. तेराव्यापत्तर रोज त्या घरात बसलो म्या. अंबिका चहा आनून द्यायची."

"मग हा फोटो का टाकलास?"

"तो हसत व्हता, ताई. ते तिला दिसावं. पट्टी वळखंल, म्हनंल ह्यो त्याच दिवशीचा, आन् मला इचारतील. इचारलं की सांगायचं, असं ठरवून आलतो." त्यानं चष्म्याची काडी चाचपली. "आन् ती म्हनली, न्हाई, ही उजव्या हाताला हाय. फोन फोटो उलटा करतोय हे मला ठाऊकच न्हवतं. तवा तरी बोलायला पाहिजे व्हतं. म्या पुन्ना गप बसलो."

बाईंना त्याला खूप काही बोलायचं होतं. हरिओम त्यांचा कोण होता, तेही सांगायचं होतं. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चष्मा घाल. चल."

६

दोघं हरिओमच्या घराकडं निघाले. उन्हानं रस्ता पांढरा झाला होता. हरिओमचं बंद दुकान लागलं तेव्हा नरसिंगची पावलं थांबली. बाईही थांबल्या, पण त्याला धरायला हात पुढं केला नाही. तो आपणहून पुन्हा चालू लागला.

अंगणात अंबिका एकटी होती. नरसिंगनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चष्मा, पायऱ्या, मफलर, टमटम. काही गाळलं नाही. अंबिका ऐकत होती, तिनं एकदाही मध्ये विचारलं नाही. तो थांबल्यावर ती म्हणाली, "तेरा दिस मी तुमाला चहा देत व्हते."

"व्हय."

"लोक माझ्या तोंडावर काय काय बोलले, ते तुमी हितंच बसून ऐकत व्हता."

"व्हय, अंबिका."

बाईंना वाटलं आता ही त्याला हाकलून देईल, आणि दिलं असतं तर त्या मध्ये पडल्या नसत्या. पण अंबिकानं विचारलं, "ते रागात व्हते का?"

"न्हाई." नरसिंगनं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. "सकाळचं समदं सांगितलं त्यानं मला. अंगठा दाखवला. म्हनला, बघ, तोंड फिरवून बसली व्हती, पण गाठ कशी मारलीया बघ, सुटता सुटंना. दुपारी लवकर जायचं म्हनला, तिला घिऊन बसवकल्याणला जातो, लई दिस झालं कुठं नेलं न्हाई. ते सांगताना हसला, तवाच म्या फोटो काढला."

अंबिका खाली बसली. पाखडलेल्या तुरीवर तिचा हात पडला आणि मूठ आपोआप मिटली. "हे मला त्याच दिवशी कळलं असतं तर," ती म्हणाली. नरसिंग हात जोडून उभा होता. ती त्याच्याकडं बघत नव्हती.

"तुमाला माफ करायचं मला जमनार न्हाई," मूठ उघडत ती म्हणाली. "आज तरी न्हाई. पोलिसात, गावात, कुठं सांगायचं ते पंचशीलाअक्का सांगतील तसं सांगा. पण आदी आत चला. त्यांच्या आईला सांगा, तुमच्या तोंडानं."

सोप्यात कलाबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती. नरसिंग तिच्या मागं जमिनीवर बसला. दुसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज फार बारीक झाला होता, तरी त्यानं सगळं सांगितलं. अंबिका दारातच थांबली होती. तीन महिने ती त्या सोप्यात सासूपुढं बसली नव्हती. बाई तिच्या मागं उभ्या होत्या.

म्हातारी हळूहळू वळली. तिनं नरसिंगच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं, जसं एखाद्या लहान मुलाकडं बघावं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते केव्हाच संपलं होतं.

"पूसाच्या थंडीचे दिस," ती म्हणाली. "सकाळची येळ. पानी लई गार आसंल न्हवं रं?"

नरसिंगनं मान हलवली.

"त्याला गार पानी सोसत न्हवतं," कलाबाई म्हणाली. "लहानपनापासून. अंबिका त्याला पानी तापवून द्यायची."

अंबिका दारातून पुढं आली आणि तिच्याशेजारी बसली. म्हातारी सरकली नाही.